काकीची झडती घेणारी पोर

आमच्या रंजिताला कोणी ‘चेकिंगवाली’ म्हटलं ना, की माझं डोकंच फिरतं. मॉलच्या दारात पर्सवर काठी फिरवून “जाओ मॅडम” म्हणते तिला म्हणा चेकिंगवाली. रंजिता केंद्राच्या सुरक्षा दलात आहे, वर्दीत आहे, आणि आपल्या नव्या विमानतळावर बायकांच्या लायनीत पडद्याआड उभी असते. तिनं हात फिरवल्याशिवाय तिच्या लायनीतली एकही बाई विमानापर्यंत पोचत नाही. मग ती कोणा साहेबाची बायको असो, नाहीतर रंजिताची स्वतःची काकी. त्या काकीवरून गेल्या लगीनसराईत आमच्या घरात जो तमाशा झाला, तो मी स्वतः पाहिलाय. लोक त्याबद्दल वाट्टेल ते बोलतात, म्हणून आता मीच सांगते.

मी श्रुती. माहेर नेरूळचं, सोसायटीतलं, बाबा बँकेच्या नोकरीपायी साताऱ्याहून इकडे आलेले. हितेश घरतच्या प्रेमात पडले आणि खाडीकाठच्या आगरी घरात सून म्हणून गेले. तेव्हा ते गाव जाग्यावर होतं. आता तिथे धावपट्टी आहे, आणि आम्ही नव्या वसाहतीत तीन मजले बांधून राहतो, त्यातले दोन भाड्याने दिलेत. सासरे नामदेव, सासूबाई गोजरा, धाकटा दीर मिथुन, माझी मुलगी मनस्वी. आणि रंजिता, म्हणजे हितेशची चुलत बहीण. तिची काकी ती माझी सासू.

रंजिताची आई तिला काही कळायच्या आत गेली. ती दुसरीत असताना उरण रोडला डंपरखाली बाप गेला. त्याच दिवशी आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पोरीला घरी आणलं आणि मिथुनच्या शेजारी जेवायला बसवलं. तेव्हापासून कोणी विचारलं, मुलं किती, की आई सांगायच्या, “तीन.” पोटची दोनच आहेत हे मला साखरपुड्याच्या दिवशी शेजारणीनं सांगितलं, नाहीतर मला कळलंही नसतं.

ही पोर बारावीनंतर पहाटे खाडीच्या बांधावर पळायला लागली. दलाच्या भरतीत उतरायचं होतं. गावातले बाप्ये हसायचे. सासऱ्यांनी तर एक स्थळ बघूनही ठेवलं होतं. आई मिठागरात उन्हाखाली मीठ ओढून मोठ्या झालेल्या, त्यांचा आवाजच असा की समोरचा माणूस मागे सरतो. त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तिला पलू द्या. ती कोनाच्या घरचं खात नाय.” झालं. त्यानंतर कोणाची टाप नव्हती बोलायची. रंजिता भरती झाली, वर्दी घालून पहिल्यांदा घरी आली तेव्हा आईंनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि ढसाढसा रडल्या.

मग दिल्ली, चेन्नई, ईशान्येकडचं कुठलं कुठलं. सुट्टीला आली की आम्ही तिची खेचायचो. लग्नाच्या मांडवात बायका एकमेकींचे दागिने बघतात, ही त्यांच्या कमरा बघते. पर्स उघडी टाकून कोणी उठलं तर हिचं लक्ष जेवणातून उडतं. एकदा मनस्वीनं खेळातली पिस्तूल तिच्या पाठीला लावली, तर हिनं तिला खाली पाडलं आणि मग स्वतःच घाबरून तिला कुरवाळत बसली.

हितेशला हे सगळं म्हणजे नाटक वाटायचं. एका रविवारी पापलेटं होती, सगळे जेवत होतो, आणि तो सुरू झाला.

“पट्टा काढा, बूट काढा, पाण्याची बाटली फेका. टाइमपास साला! ज्याला खरंच बॉम्ब फोडायचाय तो काय तुमच्या लायनीत उभा राहनार?”

“लायनीतच राहतो दादा. दुसऱ्या कुठल्या दारानं येनार?”

“मग आजपर्यंत किती आतंकवादी पकडलेस?”

“एक पन नाय.”

“बघ!”

“तुज्या घराला कुलूप हाय ना? त्या कुलपानं किती चोर पकडले?”

हितेश पापलेटाचे काटे काढायला लागला. पण मला राहवलं नाही, मी विचारलं, “खरं सांग, तुमच्या हातून काही सुटत नाही का गं?”

“सुटतं ना वयनी. खोटं कशाला बोलू.” तिनं काटा ताटाच्या कडेला ठेवला. “आमचेच लोक साध्या कपड्यात डमी बॉम्ब घेऊन येतात. आमी जागे हाव का झोपलो ते बघायला. एकदा एक बाई आली, काखेला झोपलेलं पोर. मला कीव आली. पोर उठंल म्हनून दुपट्याखाली हात घातला नाय. तितंच व्हती डमी. खरी असती तर ते पोर पन गेलं असतं ना? तवापासून कीव करते, पन तपासून झाल्यावर.”

आईंनी तिच्या ताटात अजून एक तुकडी वाढली.

विमानतळ सुरू झाला तशी रंजितानं इकडे बदली मागून घेतली. आईंना आकाश ठेंगणं झालं. ज्या जमिनीवर त्यांनी भात लावला, त्याच जमिनीवर पोर वर्दीत उभी! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या.

आणि मग मिथुनचं लग्न ठरलं. पोरगी जाई, नागपूरची. दोघं महाप्याला एकाच कंपनीत कामाला. लग्न नागपूरला, सकाळच्या मुहूर्तावर. हळद मात्र आपल्या दारात, कारण आगरी माणसाला लग्नापेक्षा हळद मोठी. सासऱ्यांनी फर्मान काढलं, “वऱ्हाड विमानानंच जानार. आपल्या जमिनीवरून माज्या पोराची वरात उडनार. ट्रेनचं नाव काडायचं नाय.” हळद आदल्या रात्री, सकाळी विमान, दुसऱ्या दिवशी लग्न. सगळं कसं झक्कास जुळलं होतं. फक्त एक गोष्ट कोणाच्या टाळक्यात आली नाही.

हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खोचलेली. लग्न लागेपर्यंत लोखंड त्याच्या अंगावेगळं करायचं नाही. झोपतानासुद्धा उशाशी. हळदीचं अंग ओलं असतं, त्याला बाहेरचं काही चटकन लागतं, नजर लागते, असं मानतात. मी नवीन होते तेव्हा हसायचे. हितेश आमच्या लग्नात कट्यार घेऊन बाथरूमला गेल्याचे फोटो आहेत माझ्याकडे. पण आजवर कुठलाही नवरदेव हळद अंगावर घेऊन विमानात बसला नव्हता ना! ते आमच्याच नशिबी आलं.

हळदीच्या दोन दिवस आधी हितेशच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं रंजिताला फोन लावला. ती म्हणाली, “मोठ्या बॅगेत टाका, ती खाली सामानात जाईल. हातात नाय, खिशात नाय, अंगावर नाय.” आईंनी शेजारी बसून ऐकलं आणि म्हणाल्या, “बरं.” आई इतक्या पटकन ‘बरं’ म्हणाल्या तिथेच मला संशय यायला हवा होता. पण घरात पाहुणे, गॅसवर वडे, मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

रंजिताला एकाच दिवसाची रजा मिळाली होती, आम्ही उडणार त्या दिवशीच्या संध्याकाळपासून. सकाळी ड्यूटी, संध्याकाळच्या विमानानं नागपूर, आणि दुसऱ्या दिवशी ती करवली. नवऱ्याच्या मागे करा घेऊन उभी राहणारी बहीण, तो मान तिचा. आईंनी तिच्यासाठी स्वतः जाऊन हिरवी पैठणी आणली होती.

सकाळी विमानतळावर आमचं वऱ्हाड म्हणजे जत्राच. मिथुन पिवळाधमक, मुंडावळ्या बांधून, हातात नुसतं लिंबू. लोक सेल्फी मागत होते. कट्यार बॅगेत घालून बॅग आत गेली. सासरे खांबाखांबाला हात लावून सांगत होते, “हितं आपला वड व्हता. हितं तुज्या आज्याची वाडी.” मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू.

तपासणीला पुरुष एका बाजूला गेले, बायका एका बाजूला. बायकांच्या दोन लायनी होत्या. शेजारची लायन छोटी होती, मी तिकडे वळले, तर आईंनी मनगट पकडलं. “हितंच. आपली पोर हाय हितं.”

आईंच्या गुडघ्यात स्टीलची वाटी बसवलेली आहे. तपासणीच्या चौकटीतून गेल्या की ती ओरडणारच, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, कागदही होता. ओरडली. आई पडद्याआड गेल्या. मी पुढचाच नंबर म्हणून बाहेर उभी. पडदा म्हणजे काय भिंत नव्हे, सगळं ऐकू येत होतं.

“हात वर कर काकी.”

“केले गं बाय.”

यंत्र गुडघ्याशी वाजलं. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा वाजलं.

“कमरेला काय हाय?”

“चावी हाय कपाटाची.”

“काढ.”

“अगं लुगडं सुटंल माजं. किती मानसं हायेत बाहेर.”

“हितं कोन नाय. मी हाय आनि तू हायेस. काढ काकी.”

मला राहवेना. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. रंजिताच्या हातात फडकं होतं आणि फडक्यात सुरीचं पातं. मूठ नसलेलं, जुनं, घासून घासून बारीक झालेलं. आमच्या आजेसासूचं. आईंनी ते निऱ्यांच्या आत खोचून आणलं होतं. पलीकडे गेल्यावर मिथुनच्या कमरेला लावणार होत्या.

“हे काय हाय काकी?” रंजिताचा आवाज एकदम खाली आला.

“लोखंड हाय. हलदीचा नवरा हाय तो. तुला म्हायीत नाय का?”

“म्हायीत हाय. म्हनून तर सांगितलेलं, बॅगेत घाला.”

“बॅग पोटाशी बांदतात का? चल, दे हिकडं. कोनी बगितलं नाय.”

“मी बगितलं.”

आई उसळल्या. मग त्यांचा तो मिठागरातला आवाज लागला, आणि सगळी लायन कान टवकारून उभी राहिली. “जमीन आमी दिली! घर दिलं, देऊल दिलं, म्हसन दिलं! त्या जाग्यावर तू माजी कंबर चाचपतेस? मी आतंकवादी हाय? माजा मिथुन आतंकवादी हाय? तुला मी न्हाऊ-माखू घातली ती ह्याच्यासाठी?”

“नाय काकी. तू नायस, मिथुन नाय. पन पातं एकदा आत गेलं का ते कोनाच्या हातात जाईल ते तू सांगू शकतेस का?”

“ह्या एवड्याशा पात्यानं काय व्हनार हाय?”

“कंदाहारला विमान नेलं व्हतं ना, मी ल्हान व्हते तवा. त्यात एक पोरगा मारला. सुरीनंच मारला. नवीनच लगीन झालेलं त्याचं. बायको त्याच विमानात मागं बसलेली, तिला कल्लं पन नाय.” तिनं पातं फडक्यात गुंडाळलं. “तू म्हनतेस, पोरीची लायन हाय, सोडंल. उद्या दुसरी कोनतरी म्हनंल, माजी मावशी हाय. परवा कोनाची वयनी. जो खराच वाईट मानूस हाय तो हेच तर शोदत असतो काकी, कोन कोनाला सोडतो ते. माज्या लायनीत त्याला कायच नाय मिलनार. हितं माजी काकी पन सुटत नाय.”

आणि तिनं पडदा सारला आणि हाक मारली, “सर!”

तिचे साहेब, श्यामसुंदर नावाचे, उत्तरेकडचे असावेत, धावत आले. तिनं त्यांना सरळ सांगितलं, हिंदीत: ही माझी काकी आहे, कमरेला पातं लपवून आणलंय, मला सापडलं. साहेब बिचारे गोंधळले. म्हणाले, “तू बाजूला हो, दुसरी बघेल, मी बोलतो यांच्याशी.”

“सापडलं माझ्या हाताला सर. सांगणारही मीच.”

साहेबांनी विचारपूस केली. मी हळद, कट्यार, लिंबू, सगळं समजावलं. मिथुन पलीकडून मुंडावळ्या बाजूला सारत बघत होता, त्याचं तोंड उतरलेलं. साहेबांनी पिवळ्या नवरदेवाकडे पाहिलं, आईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि म्हणाले, इरादा वाईट दिसत नाही, मी तशी नोंद करतो. पण पातं आत जाणार नाही. इथे टाकून द्या, नाहीतर बाहेर जाऊन कोणाकडे तरी द्या.

“टाकून?” आई म्हणाल्या. “माज्या सासूचं लोखंड टाकून? बरं. ऐक गं रंजिता. लोखंड नाय जानार तर माजा पोरगा पन नाय जानार. आमी गाडीनं जातो. आनि तू उद्या करवली नाय. तू माजी कोनी नाय.”

रंजिता ताठ उभी होती. डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंसुद्धा नाही. “नको मानू काकी,” ती म्हणाली. “पातं नाय जानार.”

मला त्या क्षणी दोघींचाही इतका राग आला, आणि दोघींना मिठी मारावी असंही वाटलं. काय करणार! सासरे पलीकडून ओरडत होते, “गोजरे, येडी झालीस का?” पण आईंनी मिथुनला बोट दाखवून बोलावलं, आणि तो आला. हळदीचा नवरा आईला काय नाही म्हणणार? बाकीचं वऱ्हाड विमानात गेलं. आई, मिथुन आणि मी पहाऱ्यातच परत बाहेर आलो. मी गेले, कारण या दोन हट्टी माणसांना एकटं सोडायची माझी छाती नव्हती. पातं साहेबांनी दाराबाहेर आमच्या सनी ड्रायव्हरच्या हातात दिलं. सनी इनोव्हा घेऊन अजून पार्किंगमध्येच होता. त्याला म्हटलं, “चल नागपूर.” तो आधी हसला, मग माझं तोंड बघून त्यानं गाडी सुरू केली.

भिवंडीच्या पुढे समृद्धीला लागलो. मिथुनच्या कमरेला पातं बांधलेलं, खिशात लिंबू. आई खिडकीकडे तोंड करून. इगतपुरीचा बोगदा गेला. शेवटी मिथुन म्हणाला, “ताईनं बरोबर केलं.”

“गप बस.”

“नाय बसनार गप. आई, तू जर पातं आत नेलं असतंस आनि कोनी ते माज्याकडनं हिसकावलं असतं तर? मी काय करनार व्हतो, लिंबू मारनार व्हतो?”

मला हसू फुटलं. सनीला पण फुटलं. आईंना नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. संभाजीनगर मागे टाकलं, ऊन कलायला लागलं, तेव्हा कुठे त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता.

“श्रुती, तो कंदाहारचा पोरगा. त्याचं नाव काय व्हतं?”

मी मोबाइलवर शोधलं आणि सांगितलं. त्यांनी ते नाव हळूच म्हणून बघितलं.

“कदी लगीन झालेलं?”

“महिना पण झाला नव्हता, आई.”

“मंग बायकोच्या हातावरची मेंदी पन गेली नसंल,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, विरघळल्या. कसलं काय! माझी सासू आहे ती.

आम्ही पोचलो तेव्हा जेवणं चालू होती. रंजिता संध्याकाळच्या विमानानं आमच्या आधी येऊन हॉलच्या दारात तांब्या घेऊन उभी होती, नवरदेवाच्या पायावर पाणी घालायला. तिनं पाणी घातलं, मिथुननं तिला मिठी मारली. आई तिच्या बाजूनं निघून गेल्या, जणू तिथे खांब उभा आहे.

दुसऱ्या दिवशी करा मनस्वीच्या हातात दिला. सात वर्षांची पोर, तिला तो धड पेलवेना. मी सरळ आईंसमोर गेले आणि म्हटलं, “आई, हे चुकताय तुम्ही. मान तिचा आहे.” आई म्हणाल्या, “मान देनारी मी.” हितेशही भांडला. सासरे तर रडायच्या बेताला आले होते. त्यांना आपल्या जमिनीवरून उडाल्याचा आनंद कोणाला सांगायची सोयच राहिली नव्हती.

आणि रंजिता? दुसरी असती तर तोंड लपवून बसली असती, नाहीतर आल्या पावली परत गेली असती. ही ती हिरवी पैठणी नेसून आली आणि पहिल्या रांगेत बसली. तिला पाहून बायका कुजबुजत होत्या. एकीनं तर विचारलंच, “काय गं, काकीला पकडलंस म्हनं?” ही म्हणाली, “हो, पकडलं. परत आली तर परत पकडीन.” मंगलाष्टकांना सगळ्यांत मोठ्यानं अक्षता हिनंच टाकल्या. जेवली, नव्या वहिनीला घास भरवला, आणि ड्यूटी होती म्हणून संध्याकाळी आमच्या आधी निघून गेली. जाताना आईंच्या पाया पडली. आईंनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. ती गाडीत बसेपर्यंत हसत होती. गाडीचं दार लावलं आणि काचेतून मी बघितलं, ती पदर तोंडात कोंबून रडत होती. मला त्या वेळी आईंचा इतका संताप आला की त्या रात्री मी त्यांना जेवायला वाढलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे परत निघालो. लग्न लागलेलं, आता लोखंडाचं काही नव्हतं. पातं सनीबरोबर गाडीतून गेलं होतं. आई म्हणाल्या, “आता विमानानं चलू. आमच्या मानसाची हौस तरी फिटंल.” बास, एवढंच.

तिथल्या तपासणीला पुन्हा तेच. आई चौकटीतून गेल्या, गुडघा ओरडला. पडद्याशी एक पोरगी होती, रंजितापेक्षाही लहान असेल. चेहऱ्यावरून गोड. आईंचं लंगडणं बघून तिनं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाली, “आजी, बसा तुम्ही. गुडघा दुखत असेल. मी बसूनच बघते सगळं.”

आई बसल्या नाहीत. पडदा अजून ओढलेला नव्हता, सगळ्यांना दिसत होतं. कागद दाखवायला म्हणून मी पुढे केलेला हातही त्यांनी झटकला. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताणून धरले, मान वर केली, आणि त्यांच्या त्या मिठागरातल्या आवाजात म्हणाल्या, “बसून नाय, हुबी ऱ्हाते मी. गुडगा तर बगच, पन कंबर पन बग. निऱ्या बग. हात घालून बग, लाजू नको. म्हातारी हाय म्हनून कीव करू नको.”

पोरगी हसली. “बघतेच आहे आजी. इतकं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“माजी पोरगी हाय तिकडं, नव्या मुंबईला. वर्दीत हाय. ती मला पन सोडत नाय.” आणि मग आईंनी ताणलेल्या हाताचं एक बोट पलीकडे केलं. तिथे मिथुन आणि हिरवा चुडा भरलेली जाई ट्रेमधून आपल्या चपला शोधत होती. “ती दोगं बसनार हायेत त्या विमानात. नीट बग.”